धन्याच्या पश्चात् मुरणारा घडा

कांहीं पदार्थ करणाऱ्याचा हात फिरत राहील तोंवरच चांगले होतात. आणि कांहीं पदार्थ करणाऱ्यानें आपला हात वेळींच काढून घेतल्यावांचून चांगले होत नाहींत. भाकरी पहिल्या प्रकारांतली, लोणचें दुसऱ्या. या दुसऱ्या प्रकारासाठीं मराठीनें 'मुरणें' हें एक मोठें अर्थपूर्ण क्रियापद राखून ठेविलें आहे. लोणचें मुरतें, मुरंबा मुरतो, पावसाचें पाणी जमिनींत मुरतें, आणि एखाद्या धंद्यांत उमर घालविलेला मनुष्यहि त्यांत मुरला असें आपण म्हणतों. 'मुरंबा' आणि 'मुरब्बी' हे आपल्याकडे अरबी-फारसींतून आलेले शब्द तर एकाच कुळांतले आहेत. पालनपोषण करणें हा त्यांच्या मूळ धातूचा अर्थ. एक पोसला गेलेला, तर दुसरा पोसणारा. मुरण्याच्या क्रियेंत मात्र या पोसणाऱ्याचें मुख्य काम म्हणजे कांहीं काळ दूर राहणें हेंच असतें, आणि प्रस्तुत लेखाचा विषय हें दूर राहणें हा आहे.

युरोप-अमेरिकेंत सांप्रत अनेक गृहस्थ आपल्या घरींच जवाची दारू, म्हणजे बिअर, करितात. त्यांतील कांहीं हौशी लोक ती मुद्दाम आंबट होऊं देतात व वर्ष, दोन वर्षें, कधीं तीन वर्षेंहि तशीच ठेवितात. अशा गृहस्थास नोकरीमुळें किंवा प्रवासामुळें बरेच महिने घर सोडून जावें लागलें, म्हणजे त्याच्यापुढें एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो: आपल्या मागें तें पिंप मुरेल कीं नासेल? वाचकांस हा प्रश्न परका व थोडासा चैनीचा वाटेल. परंतु बंद घड्याला एकट्यानें किती दिवस व कसें राहूं द्यावें, या प्रश्नाचा विचार आपल्या वैद्यांनीं अनेक शतकांपूर्वीं फार बारकाईनें करून ठेविला आहे; आणि पूर्वींचा अहमदनगर, २०२४ सालापासूनचा अहिल्यानगर, या एका जिल्ह्याच्या इतिहासांत त्या विचाराचें पुढें काय झालें तें स्पष्ट पाहावयास मिळतें. येथें गोऱ्या पलटणींची छावणी होती, येथें आसवारिष्टें करणाऱ्या वैद्यांची परंपरा नांवारूपास आली, आणि येथेंच उसाच्या मळीपासून मद्यार्क काढणारे कारखाने उभे राहिले. आम्ही मद्यपानाचा पुरस्कार करीत नाहीं, हें आरंभींच सांगितलेलें बरें. मद्यानें किती संसार धुळीस मिळविले तें महाराष्ट्रास शिकविण्याची गरज नाहीं. तथापि एखाद्या वस्तूचा दुरुपयोग होतो एवढ्यावरून तिच्या मागची विद्या अभ्यासूं नये, असें होत नाहीं.

घड्याच्या आंत काय चालतें तें प्रथम थोडक्यांत पाहूं. साखर, गूळ किंवा मोड आणून उकडलेलें धान्य पाण्यांत कालविलें, कीं किण्व नांवाचे सूक्ष्म जीव त्यांतील साखर खाऊन तिचा मद्यार्क व कर्बवायु करितात. हा पहिला अंक मोठ्या गडबडीचा असतो. फेंस येतो, आवाज येतो, आणि थोड्या दिवसांत तो शमतो. त्यानंतर दुसरा, संथ अंक सुरू होतो. दह्यांत जे दुग्धाम्ल करणारे जीव असतात त्यांचेच भाऊबंद येथें हळूहळू आंबटपणा आणितात, आणि किण्वाची एक चिवट जात पहिल्यांनीं टाकून दिलेलें पिष्टमय अन्न महिनोन्महिने खात बसते. ही जात १९०४ सालीं कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग कारखान्यांतील क्लाउसेन या शास्त्रज्ञानें इंग्लंडांतील जुन्या, मुरलेल्या बिअरमध्यें ओळखिली, आणि म्हणून तिला 'ब्रेटानोमायसिस', म्हणजे 'ब्रिटिश बुरशी', असें नांव दिलें. या दोन्ही अंकांस बाहेरच्या हवेची गरज नसते. गरज असते ती तिसऱ्या एका जातीस, जी मद्यार्काचें शिरक्यांत रूपांतर करिते. शिंदीच्या झाडाची सकाळीं काढलेली नीरा उघड्या मडक्यांत ठेविली तर संध्याकाळपर्यंत ती ताडी होते व थोड्याच दिवसांत शिरक्याच्या वाटेस लागते, तें याच जातीचें काम.

तेव्हां मुरविण्याची सारी कला एका वाक्यांत सांगतां येते: आंतला वायु बाहेर जाऊं द्यावा, पण बाहेरची हवा आंत येऊं देऊं नये. घरीं असलेला मनुष्य हें रोज पाहूं शकतो. दूर गेलेल्यास सर्व तजवीज आधींच करून ठेवावी लागते. आजचा हौशी मनुष्य आपल्या पिंपावर पाण्यानें भरलेली एक वाकडी कांचेची नळी बसवितो. त्या पाण्यांतून वायु बुडबुडे काढीत बाहेर पडतो. पण धनी चार महिने परगांवीं राहिला व उन्हाळा कडक निघाला, तर तें पाणी आटतें आणि हवेस वाट मोकळी होते. लांकडी पिंपांतून द्रव थोडाथोडा उडून जातो व वर पोकळी तयार होते. त्या पोकळींत शिरलेली हवा सगळ्या पिंपाचा शिरका करावयास पुरेशी असते. नगरकडे चैत्र-वैशाखांत पारा चाळिसाच्या घरांत जातो. तेवढ्या उष्णतेंत किण्व बेफाम होऊन पेयास उग्र दर्प आणितें. म्हणजे दूर जाणाऱ्यास तीन शत्रूंचा बंदोबस्त करावयाचा असतो: हवा, उष्णता, आणि तिसरी स्वतःची किंवा घरांतल्या दुसऱ्या कोणाची उत्सुकता.

या तिन्ही शत्रूंचा विचार संस्कृत वैद्यकग्रंथांत आहे. आंबवून पेय करण्याच्या क्रियेस ते 'संधान' म्हणतात. 'शार्ङ्गधरसंहितें'त या विषयास एक स्वतंत्र अध्याय दिला असून त्यांत अरिष्ट व आसव यांचा भेद सांगितला आहे: औषधींचा काढा करून आंबविलें तें अरिष्ट, न उकळतां आंबविलें तें आसव. प्रमाण जेथें सांगितलेलें नसेल तेथें एक द्रोण द्रवास एक तुळा गूळ, गुळाच्या निम्मा मध व दशांश प्रक्षेप घ्यावा, असा सर्वसाधारण नियमहि तेथें आहे. घड्यास आंतून तूप चोपडावें, त्याचें तोंड कापड व चिखल यांनीं बंद करावें, आणि तो घडा धान्याच्या राशींत किंवा जमिनींत पुरून पंधरा दिवस, महिनाभर, अथवा त्या त्या औषधास सांगितलेला काळ ठेवावा, अशी या वाङ्मयांतील सामान्य रीत आहे. तूप कां? मातीचा घडा सच्छिद्र असतो. तूप तीं छिद्रें बुजवितें. धान्याची रास कां? धान्य उष्णतेचें मंद वाहक आहे. दिवसाची तलखी व रात्रीचा गारवा आंतल्या घड्यास जाणवत नाहीं. दशमूलारिष्ट तर जमिनींतच पुरावयास सांगितलें आहे, आणि तयार झाल्यावर तें निवळीच्या बीनें नितळ करून घ्यावें असेंहि म्हटलें आहे. घडा कांठोकांठ न भरतां वर कांहीं जागा मोकळी ठेवावी, पहिला जोर ओसरेपर्यंत तोंड ढिलें असावें, आणि मगच तें पक्कें लिंपावें, ही वैद्यांच्या हातांतून चालत आलेली रीत. संधान पुरें झालें कीं नाहीं तें पाहण्यासाठीं ते घड्यास कान लावून आवाज थांबला का तें ऐकतात, व त्याच्या तोंडांत पेटती काडी धरतात. काडी विझली तर आंत अजून कर्बवायु निर्माण होत आहे असें समजावयाचें.

आमचा मूळ विषय आंबट जवाच्या पेयाचा. तेंहि येथें आहे. शार्ङ्गधरानें सालीसकट भरडलेल्या कच्च्या जवांच्या संधानास 'तुषाम्बु' व साल काढून शिजविलेल्या जवांच्या संधानास 'सौवीर' अशीं नांवें दिलीं आहेत. शिजविलेल्या धान्याच्या पेजेपासून होणारी ती 'कांजिक', आपली कांजी. जें मद्य बिघडून आंबट झालें, त्यास 'चुक्र' म्हटलें आहे. म्हणजे जाणूनबुजून आंबट केलेलें व चुकून आंबट झालेलें, हा आजच्या बिअरवाल्यांस महत्त्वाचा वाटणारा भेद आपल्या शब्दसंग्रहांत आधींच नोंदविलेला आहे. घराघरांतून ज्वारीच्या किंवा नाचणीच्या पिठाची जी आंबील होते, ती या कुळांतली सर्वांत धाकटी व सर्वांत निरुपद्रवी मुलगी. ती एका रात्रींत आंबते आणि दुसऱ्या दिवशीं संपते. तिला मुरण्याची सवड मिळत नाहीं, एवढेंच.

जुनेपणाविषयीं या ग्रंथांचें मत निःसंदिग्ध आहे. नवें मद्य जड व दोष वाढविणारें, जुनें तें हलकें, दीपन व स्रोतसें शुद्ध करणारें, असें चरकसंहिता सांगते. याच संहितेंत धान्य, फळ, मूळ, सार, फूल, कांड, पान, साल व साखर अशा नऊ मुळांपासून होणारीं चौऱ्यायशीं आसवें मोजून दाखविलीं आहेत. शार्ङ्गधर तर औषधांच्या आयुष्याचा हिशेबच देतो: चूर्णाचें वीर्य दोन महिन्यांनीं उणावतें, गोळ्या व अवलेह यांचें वर्षानंतर, मात्र आसवें, धातु व रस हीं जितकीं जुनीं तितकीं गुणवान्. ज्या औषधांना काळ खातो तीं एकीकडे आणि जीं काळाला पचवितात तीं दुसरीकडे, अशी ही विभागणी आहे. आधुनिक रसायनशास्त्रानें तिचें कारण सांगितलें: मद्यार्क व आम्ल हीं दोन्ही मिळून इतर कुजविणाऱ्या जीवांस घड्यांत थारा देत नाहींत. तोंड बंद राहिलें तर घडा आपलें रक्षण आपणच करितो.

ही विद्या दक्षिणेंतील जीवनक्रमाशीं किती जुळती होती याचा विचार केला पाहिजे. आपल्याकडील कुटुंबें वर्षांतून बराच काळ घराबाहेर असत. दसऱ्यास सीमोल्लंघन करून मुलूखगिरीवर गेलेला शिलेदार पावसाळ्याच्या तोंडाशीं परते. काशीयात्रेस निघालेल्यांस महिनोगणती लागत. आषाढीची वारी करणाऱ्याचे कित्येक आठवडे वाटेंत जात. मागें राहत तीं पेवें, बळदें, कणग्या; आणि लिंपून बंद केलेलें धान्य धन्याची वाट पाहत अंधारांत पडून राही. जुना गूळ, जुनें तूप, जुना मध, जुने तांदूळ या सर्वांस वैद्यकानें मान दिला, त्याच्या मागें केवळ तर्क नसून अशा घरांचा अनुभवहि असावा. पेवाचें तोंड ज्या चिखलानें लिंपिलें जातें त्याच चिखलानें अरिष्टाचा घडा. आणि धान्याची जी रास वर्षभर हलवावयाची नसते, तीच त्या घड्याची गादी. आजहि पाथर्डी-शेवगांवकडील ऊसतोड कामगारांचीं कुटुंबें दिवाळीच्या सुमारास निघून उन्हाळ्यांत परततात. घर बंद करून सहा महिने जाणें हें नगर जिल्ह्यास अपरिचित नाहीं.

आतां छावणीकडे वळूं. १८०३ च्या १२ ऑगस्टला जनरल वेलस्लीनें नगरचा किल्ला घेतला, १८१७ च्या तहानें तो इंग्रजांकडे कायमचा आला, आणि पुढें शतकाहून अधिक काळ नगर हें गोऱ्या सैन्याचें एक प्रमुख ठाणें राहिलें. आरंभीं या सैन्याचें पेय म्हणजे अरक, तेंच देशी ऊर्ध्वपातित मद्य. परंतु साहेबाचें मन आपल्या घरच्या बिअरमध्यें होतें, आणि ती त्यास सहा हजार कोसांवरून आणावी लागे. येथें आमच्या प्रश्नाचें उलटें रूप दिसतें. आमच्याकडे धनी बाहेरगांवीं जाई व घडा घरीं मुरे; इंग्रजांचें पिंपच घर सोडून निघे आणि वाटेंत मुरे.

इंग्लंडांतील जमीनदार ऑक्टोबर महिन्यांत कडवट व जड अशी बिअर करून ती तळघरांत वर्ष-दोन वर्षें ठेवीत. लंडनच्या गोदीजवळील बो येथील हॉजसन या कारखानदारानें अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत अशाच धर्तीची फिकी बिअर कंपनीच्या जहाजांवरील अधिकाऱ्यांस विकण्यास सुरुवात केली. आफ्रिकेस वळसा घालून, विषुववृत्त दोनदां ओलांडून, चार-सहा महिन्यांनीं तें पिंप मुंबई-कलकत्त्यास उतरे. आणि तळघरांत ज्या गुणांस वर्ष-दोन वर्षें लागत ते जहाजाच्या उबेनें व हेलकाव्यानें वाटेंतच आलेले आढळत. १८२० नंतरच्या दशकांत बर्टन गांवच्या कारखानदारांनीं हा व्यापार हिसकावून घेतला. तेथील जिप्समयुक्त पाणी या कामास विशेष मानवलें. मदिरा बेटांतील द्राक्षमद्याचीहि हीच कथा. तें जहाजावरून उष्ण समुद्रांतून फिरून आलें म्हणजे सुधारतें, असें ध्यानांत आल्यावर व्यापारी तें मुद्दाम फेरीस पाठवूं लागले, व त्यास 'फेरीचें मद्य' म्हणूं लागले.

मुंबईस उतरलेलें पिंप पुढें होडीनें पनवेलीस, तेथून गाड्यांनीं बोरघाट चढून पुण्यास, आणि पुण्याहून सुमारें पाऊणशें मैल नगरास जाई. बोरघाटांतील गाडीरस्ता १८३० सालचा. आगगाडीनें घाट चढला तो १८६३ त. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ सालीं सुरू झाला आणि नगर आगगाडीवर आलें. तत्पूर्वीं १८६९ त सुएझचा कालवा उघडल्यानें समुद्रावरील महिने आठवड्यांवर आले होते. वाट जसजशी आखूड झाली तसतशी पिंपाची वाटेंत मुरण्याची संधिहि आखूड झाली. यंत्रानें थंड केलेली, गाळून नितळ केलेली, ताजी प्यावयाची जर्मन धर्तीची बिअर पुढें जगभर पसरली. डेन्मार्कच्या हान्सेननें १८८३ त एका पेशीपासून शुद्ध किण्व वाढवून दाखविल्यापासून कारखानदारास आपलें पेय रोज एकसारखें व ठरलेल्या दिवशीं तयार मिळूं लागलें. त्या सोयीपुढें काळाचे इतर गुण त्यास नकोसे झाले. क्लाउसेननें १९०४ सालीं ब्रिटिश बुरशीचें महत्त्व सांगितलें तेव्हां ती जिच्यांत राहत असे ती जुनी, मुरलेली बिअर अस्तास चालली होती. ब्रुसेल्सच्या आसपासच्या कांहीं खेड्यांत मात्र उघड्या हवेंतील जीव पकडून जवा-गव्हाची आंबट बिअर वर्ष ते तीन वर्षें लांकडी पिंपांत ठेवण्याची चाल टिकली. आजच्या हौशी लोकांनीं हा धडा तेथूनच घेतला.

दौंड-मनमाडचा मार्ग झाला त्याच १८७८ सालीं मुंबई सरकारचा अबकारी कायदा झाला, ही गोष्ट आम्हांस केवळ योगायोग म्हणून सोडून द्यावीशी वाटत नाहीं. आगगाडीनें दूरचें मद्य जवळ आणिलें, आणि कायद्यानें जवळचें मद्य परवान्याखालीं घातलें. मद्य करणें, विकणें, ताडीसाठीं झाड छेदणें, या सर्वांस परवाना लागूं लागला. उत्पादन मोठ्या भट्ट्यांत एकवटूं लागलें, कारण जेथें मोजमाप होतें तेथेंच कर बसवितां येतो. घाटाखालच्या ठाणें व कुलाबा जिल्ह्यांसाठीं १८९२ त खास मोहाच्या फुलांचा कायदा करून फुलें बाळगण्यावरच निर्बंध घातले. अकोल्याच्या डोंगरांत राहणारे महादेव कोळी व ठाकर यांचे सोयरेधायरे घाटाच्या दोन्ही अंगांस. त्यांच्या सणाचें, लग्नाचें पेय एकाएकीं सरकारदप्तरीं अपराध ठरलें. आणि मुरणारा घडा तर या व्यवस्थेस सर्वांत गैरसोयीचा. तो लपलेला असतो, तो महिनोन्महिने तसाच राहतो, त्याच्याजवळ कोणी नसतें. ज्याच्याजवळ कोणी नाहीं त्याच्यावर कर कोणी भरावा, आणि तो कोणाच्या नांवावर मांडावा?

येथें कौटिल्याची आठवण होते. अर्थशास्त्रांतील सुराध्यक्ष हा कांहीं मवाळ अधिकारी नव्हे. सार्वजनिक पानगृहें, त्यांतील गुप्त हेर, विक्रीची मर्यादा, या सर्वांवर त्याची करडी नजर असे. मेदक नांवाच्या पेयास एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ व तीन प्रस्थ किण्व घ्यावें, इतका बारीक हिशेब त्या प्रकरणांत आहे. आपल्या मापांत मांडावयाचें तर सोळा भाग पाण्यास दोन भाग तांदूळ व तीन भाग किण्व. परंतु याच प्रकरणांत कुटुंबवत्सल लोकांस विशेष कार्याच्या प्रसंगीं श्वेतसुरा व औषधासाठीं अरिष्ट घरीं करण्याची मोकळीक दिली आहे; आणि उत्सव, मेळे व यात्रा यांत चार दिवसांची सूट सांगितली आहे. कौटिल्यानें बाजार आपल्या मुठींत धरला, पण घरांतला घडा घरास सोडला. १८७८ च्या कायद्याची दृष्टि निराळी होती. त्यानें सण व औषध यांपैकीं औषधास कालांतरानें वाव दिला. सणास दिला नाहीं.

ही निवड कोणाच्या पथ्यावर पडली, तें नगर शहरांत पाहावें. वैद्य पंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांनीं १९१७ सालीं येथें आयुर्वेद महाविद्यालयाची स्थापना केली. औषधींच्या गुणधर्मांवरील त्यांचा मराठी ग्रंथ वैद्यांच्या पिढ्यांनीं वापरला आहे. अशा संस्थांमुळें व त्यांच्या भोंवतीं वाढलेल्या औषधनिर्मितीमुळें द्राक्षासव, दशमूलारिष्ट, कुमारी आसव हीं नांवें मध्यमवर्गीय घरांतल्या फडताळांत शिरलीं. बाळंतिणीस दशमूलारिष्ट देणाऱ्या आजीस आपण मद्य देत आहों असें कधींहि वाटलें नाहीं, आणि वाटण्याचें कारणहि नव्हतें. त्यांतील स्वयंजात मद्यार्क थोडा, मात्रा दोन चमच्यांची, व हेतु औषधाचा. धायटीच्या फुलांनीं आंबविण्याची क्रिया मात्र तीच. ती फुलें सह्याद्रीच्या ज्या उतारांवर लागतात तेथल्या माणसास त्याच क्रियेबद्दल शिक्षा होई, आणि शहरांतल्या फडताळांत तिची बाटली सन्मानानें उभी राही. आम्ही वैद्यांस दोष देत नाहीं. त्यांनीं ही विद्या वांचविली हें त्यांचे उपकारच आहेत. पण ती कोणत्या घरीं वांचली व कोणत्या घरीं मोडली, हें इतिहासानें नमूद करावयास पाहिजे.

पुढचा काळ सर्वांच्या परिचयाचा आहे. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ सालीं झाला, आणि मद्यार्क असलेलीं औषधेंहि त्याच्या तावडींत सांपडलीं. १९५१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें बलसारा यांच्या दाव्यांत औषधी व प्रसाधनाच्या द्रव्यांवरील बंदी अवैध ठरविली. १९५२ त कायद्यांत दुरुस्ती होऊन नशेसाठीं न वापरतां येण्याजोग्या औषधांस मुभा मिळाली. आणि १९५५ च्या मध्यवर्ती कायद्यानें अशा द्रव्यांवरील कराची सर्व देशभर एक पद्धति घालून दिली. घरगुती घड्यास या सर्व घडामोडींत जागा मिळाली नाहीं. परवान्यावांचून मद्य करणें महाराष्ट्रांत आजहि गुन्हाच आहे.

याच काळांत नगर जिल्ह्याच्या उत्तर भागाचा कायापालट झाला. प्रवरेच्या कालव्यांवर ऊस आला, उसामागून साखर आली, साखरेमागून मळी आली. श्रीरामपुराजवळ टिळकनगर येथें १९३३ सालीं महाराष्ट्र शुगर मिल्स ही कंपनी उभी राहिली. टिळकनगर इंडस्ट्रीज हें तिचें आजचें नांव, आणि साखरेपेक्षां ब्रँडीसाठीं ती आतां अधिक प्रसिद्ध आहे. १९५० त लोणीच्या सहकारी कारखान्याचा पाया यशस्वी झाला व साखरेचा उद्योग शेतकऱ्यांच्या हातीं आला. मळी आंबविण्यास कारखान्याच्या टाकींत दीडएक दिवस पुरतो. मग ती ऊर्ध्वपातनाच्या स्तंभांत चढते, आणि मद्यार्क लिटरांत मोजून बाहेर पडतो. त्यावर कर बसतो, त्याची नोंद होते, त्यावर पहारा असतो. यांत आम्हांस अवास्तव कांहींच दिसत नाहीं. मोठ्या प्रमाणावर होणाऱ्या मद्यावर राज्याची नजर असलीच पाहिजे, आणि विषारी हातभट्टीनें गेलेल्या जिवांकडे पाहिलें म्हणजे ती नजर आणखी तीक्ष्ण असावी असेंच कोणीहि म्हणेल. तथापि हातभट्टी व मुरविलेला घडा या एक नव्हेत. हातभट्टीस उतावीळ असते. पकडलें जाण्यापूर्वीं माल काढून विकून टाकावयाचा असतो. जेथें लपून व घाईनें करावें लागतें तेथें मुरवण्याची विद्या प्रथम मरते. कायद्यानें घडा बंद केला तेव्हां मद्य बंद झालें नाहीं. बंद झाला तो त्याच्यामागचा संयम.

मुरणाऱ्या घड्याची ही हकीकत सांगण्याचा आमचा हेतु तो पुन्हां घरोघर पुरावा असा नाहीं. समाजाच्या गरजा बदलल्या आहेत, आणि ज्या घरांत मद्यानें एकदां प्रवेश केला आहे त्या घरास अशा उपदेशाचा उपयोग नाहीं. परंतु तूप, चिखल व धान्याची रास एवढ्या सामग्रीवर, यंत्रावांचून, थर्मामीटरावांचून, महिनाभर कोणी न पाहतां सुरक्षित राहील अशी व्यवस्था ज्यांनीं बसविली, त्यांच्या अनुभवास आपण 'अडाण्यांची रीत' म्हणून मोकळे होतों, तें बरें नव्हे. शार्ङ्गधराच्या वचनांस संस्कृत भाषेचें कवच होतें, म्हणून तीं टिकलीं. डोंगरांतल्या बायांना जें ठाऊक होतें तें कोणी लिहून ठेविलें नाहीं. अजूनहि आंबील, कांजी, लोणचीं, सांडगे, पापड यांच्या निमित्तानें या विद्येचे कांहीं धागे घरांतल्या वडील स्त्रियांच्या हातीं आहेत: कोणतें भांडें घ्यावें, तोंड कशानें बांधावें, कोणत्या महिन्यांत घालावें, आणि किती दिवस त्याकडे पाहूं नये. तें त्यांना विचारून लिहून घेण्याचें काम विद्यापीठांचें आहे, आणि घरांतल्या शिकल्यासवरल्या मुलांचेंहि आहे. अर्थशास्त्रांतील सुराध्यक्षानें जो बारकावा एका द्रोण पाण्यासाठीं दाखविला, तेवढा आपण आपल्या आजीच्या बरणीसाठीं दाखवावा, एवढीच अपेक्षा.